केमिस्ट्रीचे पन्नास मार्क

एमएचटी-सीईटीच्या पीसीएम ग्रुपमध्ये केमिस्ट्रीचे ५० प्रश्न असतात. प्रत्येकी एक मार्क. त्यातले साधारण १० अकरावीच्या अभ्यासक्रमावर, ४० बारावीच्या. फिजिक्सचे ५० आणि हे ५० मिळून ९० मिनिटं. वेळ संपला की स्क्रीन आपली आपण पुढे सरकते आणि मॅथ्स उघडतं. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्या प्रश्नांना एकच पर्याय ठोकून देणं हीसुद्धा आता एक मान्यताप्राप्त पद्धत झाली आहे.

ज्या एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या आसपास असतो, त्याच दिवसांत वऱ्हाडातली पोरं-पोरी कुठल्यातरी सेंटरवर, अनोळखी माउस हातात धरून ही परीक्षा देत असतात. या पन्नास मार्कांसाठी दोन वर्षं गेलेली असतात. क्लासची फी गेलेली असते. दर्यापूर, तेल्हारा, मंगरूळपीरकडून अकोल्यात किंवा अमरावतीत येऊन खोली केलेली असते, मेस लावलेली असते.

कॉलेजात पाऊल टाकायच्या आधी केमिस्ट्रीची परीक्षा द्यायची ही रीत कुठून आली? आणि ती दिल्यावर आपल्याला स्वतःबद्दल नक्की काय कळतं? मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, इतिहासकार नाही. पण या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना वऱ्हाडाचा एक वेगळाच इतिहास हाताला लागतो.

दार लांब होतं तेव्हा

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. आपल्या डोक्यात मॅट्रिक म्हणजे शाळा संपल्याची परीक्षा. मुळात ती विद्यापीठात शिरण्याची परीक्षा होती. मॅट्रिक्युलेशन म्हणजे विद्यापीठाच्या पटावर नाव चढणं. पहिल्या तुकडीत पास झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. एवढ्या मोठ्या इलाख्यातून पास झालेली मुलं विसाच्या आसपास. हा म्हणजे आपल्याकडच्या सीईटीचा खापरपणजोबा.

वऱ्हाड तेव्हा वेगळ्याच व्यवस्थेत होतं. १८५३ मध्ये निजामाने ते इंग्रजांच्या ताब्यात दिलं, १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. अमरावती-अकोल्याला सरकारी हायस्कुलं होती, पण पदवी हवी तर गाव सोडणं आलं. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे शिकले ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. नागपूरला हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये आणि मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये निघालं, पण नागपूरला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. कॉलेज नागपुरात आणि परीक्षा आधी कलकत्ता विद्यापीठाची, नंतर अलाहाबादची. म्हणजे वऱ्हाडातल्या पोराला काय येतं याचा निकाल हजारेक किलोमीटरवर लागायचा. सर्व्हर कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या आजच्या पोरांना यात फारसं नवल वाटू नये.

१९२३ हे वर्ष म्हणून महत्त्वाचं. त्या वर्षी नागपूर विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज उघडलं. पुढे त्याचं विदर्भ महाविद्यालय झालं. आज पाटीवर ‘शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था’ असं नाव आहे, पण जुनी माणसं अजून ‘व्हीएमव्ही’ म्हणतात. १९३२ मध्ये पंजाबराव देशमुखांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि त्यानंतर कॉलेजचं दार शेतकऱ्याच्या पोराच्या आवाक्यात आलं. १९४६ मध्ये अमरावतीत शिवाजी कॉलेज, १९५४ मध्ये अकोल्यात. दार जवळ येत गेलं. आता दाराच्या आत जे रसायनशास्त्र होतं, त्याच्याकडे वळू.

दहिहांड्याचं मीठ

आत जाण्याआधी थोडं बाहेर थांबू. कारण वऱ्हाडातली सगळ्यात गाजलेली केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल कुठल्याच लॅबमध्ये झाली नाही.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. इथल्या विहिरीचं पाणी खारं. तोंडात धरवत नाही, सिंचनाला वापरलं तर जमीन बिघडते. ‘खार’ हा शब्द ‘क्षार’ या शब्दाचाच बोलीतला भाऊ. अकोला जिल्ह्यातल्या दहिहांडा भागात या पाण्यापासून पूर्वी मीठ काढलं जायचं. इंग्रजांच्या मिठाच्या मक्तेदारीत तो उद्योग बंद पडला.

१९३० च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं, तेव्हा वऱ्हाडापुढे अडचण उभी राहिली. समुद्र कुठून आणायचा? उत्तर पायाखाली होतं. दहिहांड्याला जाऊन तिथल्या खाऱ्या पाण्यापासून मीठ बनवून कायदा मोडला गेला. वीर वामनराव जोशी, ब्रिजलाल बियाणी ही वऱ्हाडातल्या चळवळीतली तेव्हाची पुढची नावं.

बाष्पीभवन आणि स्फटिकीकरण. आठवी-नववीच्या पुस्तकात या दोन क्रिया असतात. पाणी उडून जातं, विरघळलेलं मागे राहतं. हा प्रयोग त्या माणसांनी तुरुंगात जायची तयारी ठेवून केला. आणि त्यातलं रसायनशास्त्र समजायला त्यांना पर्यायांतून उत्तर निवडावं लागलं नाही. मीठ आलं की नाही, एवढंच बघायचं होतं.

एका जर्मन माणसाची टेस्टट्यूब

हाताने करून शिकायचा विषय म्हणून केमिस्ट्रीला कॉलेजात जागा मिळवून दिली ती मुख्यतः युस्टुस फोन लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाने. गीसन नावाच्या छोट्या गावात १८२४ पासून त्याने विद्यार्थ्यांना थेट प्रयोगशाळेत उभं केलं. आधी प्रोफेसर टेबलावर प्रयोग करून दाखवायचा आणि मुलं बघायची. लीबिगकडे मुलांनीच करायचा. त्याचा विद्यार्थी फ्रेझेनियस याने १८४१ मध्ये अज्ञात पदार्थ ओळखायच्या पद्धतीचं पुस्तक लिहिलं. एकामागून एक ठरावीक अभिकारक टाकत जायचं, साका बसला की गट ठरवायचा, मग त्या गटात शोधायचं. ओळखलंत? आपण बारावीला ज्याला ‘सॉल्ट अ‍ॅनालिसिस’ म्हणतो, त्या गटवारीच्या मागे ही परंपरा आहे. दर वर्षी हजारो वऱ्हाडी पोरं जर्नलमध्ये जो तक्ता उतरवतात, त्याला पावणेदोनशेच्या वर वर्षं होऊन गेलीत.

आपल्याकडे हे रसायनशास्त्र भेटायचं ते इंटर सायन्सला. मॅट्रिक झालं की कॉलेजात प्रवेश, तिथे दोन वर्षं इंटर, मग पुढची वाट. इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जायचं तर इंटरचा निकाल लागायचा. नंतर प्री-युनिव्हर्सिटीचा काळ आला, त्यातही पहिलं वर्ष कॉलेजच्या भिंतीआतच जायचं. यातली एक गोष्ट आज सहज नजरेतून सुटते. केमिस्ट्रीची खरी परीक्षा दाराच्या आत होती. आधी कॉलेज, मग लॅब, हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास, ब्युरेटच्या तोटीवर बसलेला हात, आणि मग निर्णय. सगळं छान होतं असं मी म्हणत नाही. त्या दारापर्यंत पोहोचणारेच थोडे होते, आणि त्यात मुली तर फारच थोड्या.

दार पुढे सरकलं

कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवलेला १०+२+३ चा आकृतिबंध महाराष्ट्रात आला, तेव्हा नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये आणि बारावीची १९७७ मध्ये झाली. इंटरची दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजात गेली आणि बारावीचा निकाल हाच दरवाजा झाला.

त्यानंतर १९८३ उजाडलं. त्या वर्षी अमरावती विद्यापीठ नागपूरपासून वेगळं झालं. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट करून दिली होती. त्याच वर्षी बडनेऱ्याचं आणि शेगावचं इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. त्याआधी अमरावतीत होतं ते १९६४ चं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. आता जागा वाढल्या, इच्छुक त्याहून वाढले. बारावीच्या पीसीएम मार्कांवर यादी लागायची, आणि त्या मार्कांत प्रॅक्टिकलचे मार्क धरलेले असायचे.

मग राज्याची सीईटी आली. वेगवेगळ्या बोर्डांची मुलं एका फुटपट्टीवर मोजायची, हा तिचा हेतू होता आणि तो रास्तच होता. पुढे दार बरंच हललं. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईई मेन आणि बारावी यांच्या निम्म्या-निम्म्या वजनावर झाले. २०१६ मध्ये राज्य पुन्हा एमएचटी-सीईटीवर आलं. माझी बॅच तीच. आम्ही ओएमआर शीटवर काळ्या बॉलपेनने गोल भरणारी शेवटच्या काही वर्षांतली पोरं. २०१९ च्या मे महिन्यात सीईटी पूर्णपणे कॉम्प्युटरवर गेली.

या हलवाहलवीत केमिस्ट्रीचं काय झालं ते बघा. बारावी बोर्डात आजही लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३०. पण इंजिनिअरिंगच्या मेरिटला बारावीची गरज उरली ती किमान टक्क्यांपुरती. यादी लागते सीईटीवर, आणि सीईटीत प्रॅक्टिकल नाही. ज्या गोष्टीला यादीत वजन नाही, तिला वेळापत्रकातही वजन राहत नाही. सकाळी सहाला क्लास, दुपारी टेस्ट सिरीज. आम्ही शिकलो त्या ज्युनिअर कॉलेजात लॅबचं कुलूप उघडायचं ते बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या तोंडावर. टायट्रेशनचं ‘रीडिंग’ ब्युरेटवर यायच्या आधी मित्राच्या जर्नलमधून यायचं. एक्स्टर्नलला घाई, आम्हाला त्याहून घाई. ही एकट्या आमच्या कॉलेजची गोष्ट नाही, हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना सांगायला नको.

लीबिगने प्रोफेसरच्या टेबलावरून मुलांच्या हातात आणलेला विषय असा पुन्हा मुलांच्या हातातून गेला.

पर्सेंटाइल काय सांगतो

परीक्षा ऑनलाइन झाली की ती एका दिवसात होत नाही. आता पीसीएमला चार लाखांच्या वर मुलं बसतात आणि तेवढे कॉम्प्युटर एका वेळी राज्यात मिळत नाहीत. म्हणून शिफ्ट. प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, कुठला सोपा, कुठला जड. मग १४० मार्क सोप्या शिफ्टचे की अवघड शिफ्टचे? यावर तोडगा पर्सेंटाइल.

हिशोब साधा आहे. तुमच्या शिफ्टमध्ये समजा १०,००० मुलं बसली. तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी मार्क मिळवणारी ९,२०० निघाली, तर तुमचा पर्सेंटाइल ९२. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर हा क्रम लावायचा अल्गोरिदम आहे. प्रत्येक शिफ्टमध्ये साधारण सारख्याच वकुबाची मुलं बसली, असं गृहीत धरलं की तो बरा चालतो. दशांश चिन्हापुढे सात आकडे जातात, म्हणजे एकाच पर्सेंटाइलवर गर्दी होऊ नये.

पण तो काय सांगत नाही हेही बघा. ९२ म्हणजे तुम्हाला केमिस्ट्री ९२ टक्के येते, असं नाही. पेपर फारच अवघड असेल तर निम्मे प्रश्न चुकलेल्यालाही चांगला पर्सेंटाइल येऊ शकतो. तुमचं ऑरगॅनिक पक्कं आहे आणि मोल संकल्पना कच्ची आहे, हे स्कोअरकार्ड सांगत नाही. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतला प्रश्न तुम्ही समजून सोडवला की शेवटच्या दोन मिनिटांत ठोकून दिला, हेही नाही. तुम्ही रांगेत कितवे, एवढंच कळतं. तुमची सुरुवात कुठून करायची, ते कळत नाही.

परीक्षेची ही दोन वेगळी कामं आहेत. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत कॉलेज सुरू व्हायच्या आधी केमिस्ट्रीची ऑनलाइन परीक्षा असते. तिला प्लेसमेंट टेस्ट म्हणतात. प्रवेश आधीच झालेला असतो. परीक्षेवरून ठरतं ते हे की तुम्ही थेट जनरल केमिस्ट्रीच्या वर्गात बसायचं की आधी एक तयारीचा कोर्स करायचा. घरी बसून देता येते, काही ठिकाणी कच्चे भाग पक्के करून पुन्हाही देता येते. आपल्याकडे ‘प्लेसमेंट’ म्हटलं की चौथ्या वर्षात कॅम्पसवर येणारी कंपनी आणि तिचं पॅकेज. मुलाला त्याच्या जागी नेऊन बसवणं हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ आपल्या कॉलेजांत कोणी वापरतच नाही. रांग लावायची परीक्षा आपण दीडशे वर्षांत फार कसून बांधली. जागा दाखवायची परीक्षा बांधायची राहून गेली.

‘मोल’ म्हणजे किंमत

ती नसल्याचा फटका कोणाला बसतो? दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या पोराला सगळ्यात आधी. त्याला मूलद्रव्य, संयुग, संयुजा, आम्ल, आम्लारी, उत्प्रेरक, क्षपण हे सगळं येत असतं. जूनमध्ये तो अकरावी सायन्सच्या वर्गात बसतो आणि फळ्यावर एलिमेंट, कंपाउंड, व्हॅलन्सी, बेस, कॅटॅलिस्ट, रिडक्शन. विषय येतो, पण तो येतो हे त्याला स्वतःलाच कळत नाही. सीईटीचा केमिस्ट्रीचा पेपर मराठीत घ्यायची सोय आहे, पण वर्ग, नोट्स, टेस्ट सिरीज सगळं इंग्रजीत असताना ती सोय घ्यायची कोणी?

‘मोल’ हा शब्दच घ्या. आपल्या भाषेत मोल म्हणजे किंमत. केमिस्ट्रीत मोल म्हणजे एक मोजमाप, डझनासारखं. डझनात १२, मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. योगायोग असा की २० मे २०१९ पासून जगभरात या आकड्याची व्याख्या कायमची पक्की झाली, आणि त्याच महिन्यात आपली सीईटी ऑनलाइन गेली. हे प्रकरण ज्याचं कच्चं राहिलं त्याला द्रावणं, उष्मागतिकी, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, सगळीकडे ठेच लागते. हे अकरावीच्या पहिल्याच महिन्यात दहा प्रश्न विचारून कळलं असतं. बहुतेकांना कळतं ते बारावीच्या शेवटच्या मॉक टेस्टला.

लोणार गुलाबी झालं त्या वर्षी

२०२० ची सीईटी एप्रिलमध्ये व्हायची होती. लॉकडाउन लागला आणि ती ऑक्टोबरवर गेली. पोरं घरी, क्लास बंद, हातात एक फोन आणि तोही तिघांत मिळून. बालभारतीच्या पीडीएफ, यूट्यूब, टेलिग्रामवरच्या नोट्स. वऱ्हाडात ऑनलाइन तयारी सरसकट सुरू झाली ती त्या उन्हाळ्यात. शहरातल्या क्लासची फी न परवडणाऱ्या काहींना त्यातून पहिल्यांदा चांगला शिक्षक बघायला मिळाला, हेही खरं.

त्याच जूनमध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. हे उल्कापाताने बनलेलं सरोवर. त्याचं पाणी खारट आणि अल्कधर्मी, पीएच साधारण १० च्या पुढे. काच आणि साबण बनवायला लागणारा माल या भागात मिळतो, अशी नोंद अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’तही आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि मिठात वाढणारे सूक्ष्मजीव त्यात फोफावले होते. त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसत होतं.

म्हणजे पीएच, संहती, बाष्पीभवन, रंगद्रव्य हा सगळा अभ्यासक्रम तासा-दोन तासांच्या अंतरावर उघडा पडला होता. पोरांच्या फोनवर त्याचे फोटोही फिरले. पण ‘लोणार गुलाबी का झालं?’ हा प्रश्न परीक्षेत येणार नव्हता.

आत गेल्यावर

सीईटीची रांग ओलांडून पोरगं इंजिनिअरिंगला जातं. बहुतेकांना कॉम्प्युटर किंवा आयटी हवं असतं. गंमत म्हणजे इंजिनिअरिंगच्या पात्रतेच्या राष्ट्रीय नियमांत फिजिक्स-मॅथ्ससोबत केमिस्ट्रीऐवजी बायोलॉजी किंवा एखादा तांत्रिक व्यावसायिक विषय अनेक वर्षं चालत आला आहे. तरी सीईटीच्या रांगेत केमिस्ट्री चुकत नाही. मग पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग केमिस्ट्री येते आणि तिच्यात पाण्याचा जडपणा मोजायचा प्रयोग असतो. पीएच १० चं बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी, वरून ईडीटीएचा थेंब थेंब. वाइनसारखा लाल रंग एका थेंबाला निळा होतो. दोन वर्षं केमिस्ट्री करून आलेल्या कितीतरी मुलांनी ब्युरेट मनापासून हातात धरलेली असते ती तिथे, पहिल्यांदा. आणि तपासायचं पाणी कॉलेजच्या नळाचं. खारपाणपट्ट्यातून आलेल्या पोराला कोणी म्हणत नाही, बाबा, तुझ्या विहिरीचं आण.

सीईटी जाणार नाही, आणि जावी असं माझं म्हणणंही नाही. लाखांतून हजार निवडायचे तर रांग लागणार, आणि ती ओळखीपाळखीवर लागण्यापेक्षा सात दशांशांवर लागलेली बरी. पण परीक्षा मेमध्ये संपते आणि वर्ग भरेपर्यंत ऑगस्ट उजाडतो. हे मधले महिने कॅप राउंडचे फॉर्म भरण्यात आणि कटऑफ बघण्यात जातात. तेवढ्यात कॉलेजने वीस प्रश्नांची एक टेस्ट घ्यावी. मार्क नाहीत, यादी नाही, फक्त कुठला धडा कच्चा आहे ते मुलाला कळावं, आणि मराठीतून आलेल्याला शब्दांची एक जोडयादी हातात मिळावी. याला जागा लागत नाही, निधी लागत नाही. एक गुगल फॉर्म आणि वाचणारा एक प्राध्यापक पुरतो.

कॉलेज करेल तेव्हा करेल. या वर्षी सीईटी दिलेल्यांनी अकरावीच्या पुस्तकातला मोलचा धडा काढून शेवटचे प्रश्न पर्याय न बघता सोडवून पाहावेत. आणि गाव पूर्णेच्या काठचं असेल तर घरच्या विहिरीचं एक लिटर पाणी पातेल्यात घेऊन मंद आचेवर आटवावं. तळाला जे पांढरं उरेल ते किराणा दुकानाच्या काट्यावर तोलावं. किती ग्रॅम भरलं? त्यात मीठ किती, आणि बाकीचं काय? हे शोधायचं कसं, याचा विचार करत कॉलेजच्या लॅबमध्ये शिरणाऱ्या पोराला कुठून सुरुवात करायची ते कोणी सांगावं लागणार नाही.